शरीराची वीण : ऊती ओळखा, मग निर्णय घ्या

नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात 'ऊती' हा शब्द येतो. मुले तो पाठ करतात, चार प्रकार लिहितात, गुण मिळवतात आणि विसरून जातात. त्याच घरातली आई दसऱ्यानंतर कोयता घेऊन कारखान्याला जाते. आणि तिच्या पोटातल्या एका अवयवाबद्दल कोणीतरी पाच मिनिटांत निकाल देऊन मोकळे होते, "पिशवी खराब झालीय, काढून टाका." मुलाच्या पुस्तकातला धडा आणि आईच्या पोटातली पिशवी यांचा काय संबंध, हे या वेळच्या आरोग्य पानावर पाहू. चौसाळा आणि आसपासच्या गाव-वस्त्यांतून दरवर्षी टोळ्या निघतात. धम्मचक्र प्रवर्तन दिन झाला की मुकादमाच्या गाड्या लागतात. त्याआधी हे पान घरात वाचून व्हावे, आणि ज्यांना वाचता येत नाही त्या आईला, सासूला, भावजयीला वाचून दाखवावे.

शरीर पेशींचे बनलेले आहे हे आपल्याला ठाऊक असते. पण पेशी सुट्या-सुट्या राहत नाहीत. एकाच कामासाठी एकत्र आलेल्या, एकसारख्या घडणीच्या पेशींचा समूह म्हणजे ऊती. संस्कृतात विणणे या अर्थाचा जो धातू आहे त्यातून हा शब्द आला. 'ओतप्रोत' म्हणजे उभे-आडवे विणलेले, तो शब्दही त्याच घराण्यातला. झेव्हिए बिशा नावाच्या फ्रेंच डॉक्टराने १८०१ साली शरीरातल्या २१ ऊती वेगळ्या करून दाखवल्या, आणि तेही सूक्ष्मदर्शक न वापरता, नुसते हाताने, डोळ्याने, उकळून, वाळवून, आम्लात टाकून. पुढे सूक्ष्मदर्शकाखाली पाहून त्यांची चार मोठी कुळे ठरली : अभिस्तर, संयोजी, स्नायू आणि चेता.

उकळून-वाळवून शरीर ओळखायची ही रीत आपल्या घरांना नवी नाही. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात मराठवाड्यातल्या महार-मांग घरांतले खाणे नोंदवून ठेवले आहे. ते वाचले की लक्षात येते, जनावराचा एकही भाग वाया न घालवणाऱ्या बायकांना कोणता भाग किती वेळ शिजतो, कोणता चिवट राहतो, कोणता विरघळतो हे पक्के माहीत होते. आजही मुंडी-पाया-वजडी करणाऱ्या घरात चारही ऊती पातेल्यात असतात. वजडीचा टॉवेलसारखा खरबरीत आतला पृष्ठभाग म्हणजे अभिस्तर, आणि त्याच्या बाहेरचा जाड चिवट थर म्हणजे स्नायू. नळी, पायातले पांढरे दोर, चरबी आणि रक्ती या सगळ्या संयोजी. मांडीचे लाल मांस म्हणजे स्नायू, आणि भेजा ही चेता. भेजा हात लावताच फुटतो आणि पाया दोन तास शिजवावा लागतो, याचे कारण मसाल्यात नाही, विणीत आहे.

एक गोष्ट इथे बोलावीशी वाटते. कातडे कमावणारा कारागीर कातडे चुन्यात भिजवतो, केसांसकट वरचा थर उतरवतो, आतल्या बाजूची चरबी-मांस खरवडतो आणि मधला एकच थर ठेवून तो बाभळीच्या सालीच्या किंवा हिरड्याच्या पाण्यात मुरवतो. म्हणजे कातडीला तीन थर आहेत आणि टिकणारा थर मधला, हे तो रोज सिद्ध करत होता. १८३६ साली कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात मधुसूदन गुप्त यांनी प्रेत उघडले तेव्हा विटाळाच्या भीतीवर मात करणारे धाडस म्हणून ते इतिहासात नोंदले गेले. जनावर उघडणाऱ्या, कातडे हाताळणाऱ्या हातांना मात त्याच कामासाठी अस्पृश्य ठरवले गेले.

आता कातडीपासूनच सुरुवात करू.

अभिस्तर ऊती म्हणजे अस्तर. बाहेरून त्वचा, आतून तोंड, अन्ननलिका, आतडी, श्वासनळी, रक्तवाहिन्या, गर्भाशय, जिथे जिथे पृष्ठभाग आहे तिथे ती आहे. तिच्या पेशी एकमेकींना घट्ट चिकटून बसतात, मधे फट जवळजवळ नसते. आणि तिच्यात स्वतःची रक्तवाहिनी नसते, खालच्या थरातून झिरपून पोषण येते. म्हणूनच उसाच्या पानाची कड हाताला ओरखडली आणि नुसती पांढरी रेघ उठली, तर रक्त येत नाही. रक्त आले तर समजावे की घाव खालच्या थरापर्यंत गेला.

पण सगळीकडे एकच अस्तर चालणार नाही. तळहातावर पेशींचे थरावर थर रचलेले असतात, वरचे थर मेलेले, कडक, सतत झडणारे. साधारण महिना-दीड महिन्यात खालून नवे येतात. कोयत्याच्या मुठीखाली ते आणखी जाड होऊन घट्टे पडतात. घट्टा हा रोग नाही, त्या ऊतीने कामाला दिलेले उत्तर आहे. तो ब्लेडने कापू नये, कोमट पाण्यात भिजवून तेल लावावे. याउलट फुप्फुसातल्या हवेच्या फुग्यांना तळहातासारखे जाड अस्तर असते तर आपण गुदमरून मेलो असतो. तिथे हवेतला ऑक्सिजन रक्तात जायचा असतो, म्हणून पेशींचा एकच थर, तोही कागदापेक्षा पातळ. आतड्यात उभ्या, खांबासारख्या पेशी असतात, कारण त्यांना शोषून घ्यायचे आणि स्राव सोडायचे असे दुहेरी काम आहे. आणि श्वासनळीतल्या पेशींना सूक्ष्म केस असतात. ते सतत हलत राहून धूळ आणि कफ वर ढकलतात. चुलीचा धूर आणि बिडी हे केस लुळे पाडतात. मग झाडणारा झाडू बंद, आणि कफ बाहेर काढायला खोकल्याशिवाय दुसरा मार्ग राहत नाही.

तोंडाच्या आतले अस्तर थरांचे असले तरी मऊ आणि ओले असते. मिशरी किंवा तंबाखूची गोळी रोज त्याच जागी ठेवली की तिथली ऊती तळहातासारखी वागायला लागते, जाड आणि पांढरी होते. न पुसला जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, किंवा दोन-तीन आठवडे न भरणारा छाला तोंडात दिसला तर दाखवून घ्या. दुखत नाही म्हणून थांबू नका, सुरुवातीला ते दुखत नसतेच.

जागेनुसार अस्तर बदलते ही गोष्ट लक्षात ठेवा. पिशवीच्या तोंडाची सगळी भानगड तिथेच आहे. त्याकडे येऊच.

संयोजी ऊती म्हणजे जोडणारी. इथे पेशी कमी आणि त्यांच्या भोवतीचा माल जास्त. भिंतीत गवंडी एखादाच आणि विटा-सिमेंट भरपूर, तसे. पेशी तो माल तयार करतात आणि तो माल कसा आहे त्यावर ऊतीचे काम ठरते. माल पातळ द्रव असेल तर रक्त. दोरासारखा पिळलेला असेल तर स्नायूला हाडाशी बांधणारा स्नायुरज्जू किंवा हाडाला हाडाशी बांधणारा अस्थिबंध. रबरासारखा असेल तर कास्थी, म्हणजे कानाची पाळी वगळून उरलेला कान, नाकाचे टोक, गुडघ्यातला गुळगुळीत थर. कॅल्शियमने टणक झालेला असेल तर हाड. पायाचे सूप थंड झाल्यावर थिजते ते या मालातल्या कोलॅजेन नावाच्या धाग्यांमुळे, तासन्‌तास शिजून ते विरघळलेले असतात.

हाडाची गंमत मुलांना घरी करून दाखवा. कोंबडीच्या तंगडीचे हाड स्वच्छ धुऊन व्हिनेगरमध्ये आठवडाभर बुडवून ठेवा, मधे दोनदा व्हिनेगर बदला. चायनीजच्या गाड्यावर असते तेच व्हिनेगर. आठवड्याने ते हाड वाकते, कारण कॅल्शियमचे क्षार विरघळले आणि उरले ते धागे. दुसरे हाड चुलीत पूर्ण जाळा. धागे जळून जातात, क्षार राहतात, आणि हाड बोटाने चुरगळते. म्हणजे हाड धाग्यांमुळे लवचीक आणि क्षारांमुळे टणक. शिवाय ते मेलेले दगड नाही; त्यात जिवंत पेशी आहेत, काही पेशी जुने हाड खातात, काही नवे बांधतात, हे जन्मभर चालते. बाईच्या शरीरात या खाणाऱ्या पेशींना आवर घालण्याचे मोठे काम बीजांडकोशातून येणारे इस्ट्रोजेन करते. हेही पुढे लागणार आहे.

रक्ताची ऊती विशेष. लाल पेशीने जागा वाचवण्यासाठी स्वतःचे केंद्रकसुद्धा टाकून दिलेले असते. दोन्ही बाजूंनी दबलेली, वाटोळी चकती, आत सगळे हिमोग्लोबिन. केंद्रक नाही म्हणून तिला स्वतःची दुरुस्ती करता येत नाही, सुमारे १२० दिवसांत ती संपते आणि नवी लागते. नवीला लोह लागते. पाळीत जास्त रक्त जाणाऱ्या, पाठोपाठ बाळंतपणे झालेल्या आणि भाकरी-चटणीवर फड उरकणाऱ्या बाईकडे लोह आणायचे कुठून? गरोदर नसलेल्या बाईचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर तो ॲनिमिया. "मला चढ चढवत नाही, मोळी उचलली की छाती धडधडते" ही तक्रार पुष्कळदा हृदयाची नसते, रक्ताची असते. सरकारी दवाखान्यात ही तपासणी होते आणि लोहाच्या गोळ्या मिळतात. त्या चहाबरोबर घेऊ नयेत, चहा लोह शोषू देत नाही. लिंबाच्या पाण्याबरोबर घ्याव्यात.

जखम किती दिवसांत भरेल हे ती कुठे झाली यापेक्षा कोणत्या ऊतीला झाली यावर ठरते. स्नायूत रक्त भरपूर, म्हणून मांडीचा मुका मार काही दिवसांत-आठवड्यांत बरा होतो. हाडातही रक्तवाहिन्या असतात, नीट बसवलेले हाड जुळते. स्नायुरज्जू पांढरा दिसतो कारण त्यात रक्त कमी, त्याला महिने लागतात. आणि कास्थीत रक्तवाहिनी नसतेच. गुडघ्यातली कास्थी झिजली की ती परत फारशी भरत नाही, मग कोणी कितीही महागडे तेल विकू दे.

कमरेच्या मणक्यांमधली गादीही कास्थीच्याच जातीची. बाहेर चिवट धाग्यांची कडी, आत पाणी धरून ठेवणारा मऊ गर. दिवसभर भार पडला की तिच्यातून पाणी दाबून निघते, रात्री आडवे झाल्यावर परत भरते. म्हणून माणूस सकाळी संध्याकाळपेक्षा एखादा सेंटीमीटर उंच असतो. पहाटे गाडी भरायची, दिवसभर वाकून तोडायचे, तीस-चाळीस किलोची मोळी चुंबळीवर घेऊन फळीवरून चढायचे, आणि झोप चार तास, अशा दिनक्रमात ती गादी भरायची कधी? कमरेतून वाकून मोळी उचलली की सगळा भार तिच्या मागच्या कडेवर येतो. गुडघे वाकवून, मोळी अंगाशी धरून उचलली तर मांडीचा स्नायू काम करतो, आणि तो त्याच कामासाठी बनलेला आहे. कळ कुल्ल्यातून पायात उतरत असेल, पाय बधिर होत असेल, तर ती नुसती कंबरदुखी समजू नका. लघवी-संडासवरचा ताबा सुटला तर त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठा.

स्नायू तीन जातींचे. हातापायांचे पट्टेदार, आपल्या हुकमाने चालणारे, जोरकस पण लवकर थकणारे. हृदयाचे पट्टेदारच, पण फांद्या फुटलेले आणि एकमेकांत गुंतलेले, म्हणून सगळे एका ठोक्यात आवळतात आणि जन्मभर थकत नाहीत. तिसरे गुळगुळीत, पट्टे नसलेले. आतडी, रक्तवाहिन्या, मूत्राशय आणि गर्भाशय यांच्या भिंतीत. ते आपल्या हुकमाने चालत नाहीत, सावकाश पण खूप वेळ आवळून राहू शकतात.

चेता ऊतीबद्दल थोडक्यात. तिच्या पेशीला लांब शेपूट असते. कमरेपासून पायाच्या बोटापर्यंत जाणारा धागा एकाच पेशीचा, जवळजवळ मीटरभर लांब असू शकतो. ती निरोप नेण्यासाठी बनली आहे, दुरुस्तीसाठी नाही. हातापायातली तुटलेली चेता नीट जोडली तर दिवसाला एखादा मिलिमीटर वाढते, मेंदू आणि पाठीच्या कण्यातली जवळजवळ नाहीच. म्हणून मनगटावर कोयता लागला आणि बोट वाकेना किंवा बधिर झाले, तर वरून टाके घालून भागणार नाही, आतला रज्जू किंवा चेता तुटलेली असते. आणि कोपीत जमिनीवर झोपणाऱ्यांसाठी : मण्यार चावली तर जागेवर सूजही दिसत नाही, कारण तिचे विष चेता आणि स्नायू यांच्या जोडावर बसते. पापण्या जड होणे, गिळता न येणे ही तिची खूण. घोणसीचे विष रक्ताची गोठण्याची ताकद काढून घेते, म्हणून हिरड्यांतून, लघवीतून रक्त येते. दोन्हींवर औषध दवाखान्यातच आहे, मांत्रिकाकडे नाही.

पिशवी

गर्भाशयाला आपण पिशवी म्हणतो, आणि त्या शब्दानेच अर्धे नुकसान केले आहे. पिशवी म्हटले की माल काढून झाला, आता रिकामी, फेकून दिली तरी चालेल असे वाटते. प्रत्यक्षात साठेक ग्रॅमच्या या अवयवात चारही ऊती आहेत, आणि प्रत्येकीची वीण या जागेपुरती खास आहे.

भिंत गुळगुळीत स्नायूंची. त्यांचे धागे उभे, आडवे, तिरपे असे एकमेकांत जाळीसारखे ओवलेले, आणि त्या जाळीच्या डोळ्यांतून रक्तवाहिन्या जातात. गरोदरपणात याच पेशी लांब आणि जाड होत जातात, गर्भाशयाचे वजन किलोच्या आसपास पोचते. वार पडल्यावर स्नायू आवळतात आणि ती जाळी प्रत्येक रक्तवाहिनीला गाठ मारल्यासारखी दाबून धरते. बाळंतिणीचे रक्त थांबते ते या विणीमुळे.

आत अस्तर, उभ्या पेशींचे आणि ग्रंथींचे. त्याचा वरचा थर दर महिन्याला वाढतो आणि झडतो, खालचा थर राहतो आणि पुन्हा वर उगवतो. पाळी म्हणजे हेच. यात अपवित्र काही नाही आणि 'घाण रक्त बाहेर पडते' असेही नाही. हे अस्तर चार-सहा महिने वेडेवाकडे झडले, जास्त गेले, लवकर आले, तर कारण पुष्कळदा हार्मोनचे असते, थायरॉइडचे असते, एखाद्या छोट्या गाठीचे असते. औषधे आहेत, गोळ्या आहेत, आत बसवायचे साधन आहे. शस्त्रक्रिया ही पहिली पायरी नव्हे.

बाहेरून ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आणि अस्थिबंधांसारखे पट्टे गर्भाशयाला धरून ठेवतात. संयोजी ऊती सावकाश पूर्ववत होते हे आपण पाहिले. बाळंतपणानंतर महिन्याच्या आत मोळी उचलली तर हे पट्टे ताणलेले असतानाच भार येतो, आणि पुढे अंग बाहेर यायला लागते. बाळंतिणीला सव्वा महिना जड काम देऊ नये ही जुनी रीत या बाबतीत अगदी बरोबर आहे. पाळायची की नाही हे मात्र घरातले नाही, मुकादमाची उचल ठरवते.

आता पिशवीचे तोंड. इथे दोन अस्तरे एकमेकांना भेटतात. योनीकडून येते ते थरांचे, जाड, फिकट गुलाबी. आतून येते ते एकाच थराचे, उभ्या पेशींचे. एकच थर असल्यामुळे खालचे रक्त त्यातून दिसते आणि ते लालभडक वाटते. वयात येताना, गरोदरपणात, गर्भनिरोधक गोळ्या घेताना हे आतले अस्तर थोडे बाहेर वळते. तपासणीत ते लाल, ओले, सालपट निघाल्यासारखे दिसते. याला पूर्वीपासून 'जखम' म्हणायची सवय पडली आहे, आणि बाई घाबरते. ती जखम नाही. जागा बदललेले अस्तर आहे. त्यातून थोडे पांढरे जास्त जाऊ शकते, कारण स्राव सोडणे हे त्या पेशींचे कामच आहे. अंगावरून पांढरे जाणे म्हणजे कॅन्सर नाही. वास, खाज, पिवळा-हिरवा रंग असेल तर बहुधा जंतुसंसर्ग, आणि त्यावर काही दिवसांचे औषध पुरते. नवऱ्यालाही ते घ्यावे लागते का, हे डॉक्टरांना विचारा.

मग कॅन्सरची भीती खोटीच का? नाही. पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर खरा आहे, आणि तो होतो तोही बहुतेक याच सीमेवर, दोन अस्तरे भेटतात तिथे, एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे. पण तो एका रात्रीत होत नाही, अस्तर बिघडत जायला साधारण दहा-पंधरा वर्षे लागतात. हा वेळच आपल्या हातात आहे. तिशीनंतर प्रत्येक बाईने तपासणी करून घ्यावी. पातळ केलेले ॲसिटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधलेच आम्ल, पिशवीच्या तोंडाला लावतात. बिघडलेल्या पेशी दाटीने असतात, तो भाग मिनिटभरात पांढरा होतो. नर्स किंवा डॉक्टर हे करतात, कापावे लागत नाही, दुखतही नाही. (घरी कोणी व्हिनेगर वापरू नये, हे सांगायला नको.) संबंधानंतर रक्त जाणे, पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसणे, पाण्यासारखा दुर्गंधी स्राव, या तीन गोष्टींना मात्र थांबू नये. आणि ९ ते १४ वयाच्या मुलींसाठी एचपीव्हीची लस आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेली २०२३ पासून मिळते.

आपल्या जिल्ह्याचा आकडा

२०१९ साली राज्य सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे दर सहा जणींमागे एक. त्याच्या काही वर्षे आधीच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये देशभराचे प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास होते. बीडच्या बाईची ऊती वेगळी विणलेली नाही. वेगळा आहे तो तिचा हंगाम. नवरा-बायको मिळून एक कोयता, एक दिवस पाळीत बसली तरी खाडा आणि खाड्याचा दंड, फडात ना संडास ना पाणी. मग पाळीच नको, असे तिला स्वतःलाच वाटायला लागते. तिला दोष देणे सोपे आहे आणि चुकीचे आहे. तिशीच्या आत दोन-तीन बाळंतपणे उरकलेल्या बाईला 'आता पिशवीचा काय उपयोग' म्हणणारे लोक पांढरपेशेही होते.

प्रकरण गाजल्यावर बीडमध्ये खासगी रुग्णालयांना अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी बंधनकारक केली गेली. सर्वोच्च न्यायालयानेही एप्रिल २०२३ मध्ये अनावश्यक गर्भाशय काढण्याबाबतच्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचना लागू करण्याचा आदेश राज्यांना दिला. म्हणजे कागद आपल्या बाजूने आहे, तो मागायचा असतो.

गर्भाशय काढणे कधीच योग्य नसते, असे नाही. कॅन्सर झाला, बाळंतपणात रक्त थांबेना, मोठ्या गाठींमुळे औषध देऊनही रक्तस्राव आवरेना, अंग पूर्ण बाहेर आले, तेव्हा ते जीव वाचवते. पण सांगणाऱ्या डॉक्टरांना विचारा : नेमका कोणता भाग बिघडला आहे, स्नायू, आतले अस्तर, की तोंड? तपासणी कोणती केली? आधी कोणते औषध किती महिने देऊन पाहायचे? आणि बीजांडकोश ठेवणार की काढणार? शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, आणि नेमका तोच विचारला जात नाही. पस्तिशीत दोन्ही बीजांडकोश गेले की इस्ट्रोजेन एकाएकी बंद होते. अंगातून वाफा, झोप नाही, चिडचिड हे लगेच. आणि मघाशी पाहिलेल्या हाड खाणाऱ्या पेशींचा आवर सुटतो, तो वर्षानुवर्षे. हाडे ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. मोळी त्याच हाडांवर उचलायची असते. समाधान झाले नाही तर बीडचे जिल्हा रुग्णालय आहे, अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे दुसरे मत घेता येते. सोबत आशाताईला न्या, एकटीने जाऊ नका.

ज्यांची शस्त्रक्रिया आधीच झाली आहे त्यांनी डिस्चार्ज कार्ड शोधून काढावे. त्यावर बीजांडकोशांबद्दल काय लिहिले आहे ते आशाताईकडून किंवा कॉलेजात शिकणाऱ्या मुलीकडून वाचून घ्यावे. दोन्ही काढले असतील आणि वय पंचेचाळिशीच्या आत असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवून हाडांसाठी काय घ्यायचे ते विचारावे. कंबर-पाठ दुखते म्हणून नुसत्या दुखण्याच्या गोळ्या खात राहू नये. दूध परवडत नसेल तर नाचणी, तीळ, शेवग्याचा पाला, सुकट यांत कॅल्शियम असते. रोज थोडा वेळ ऊन अंगावर घ्यावे. उसाच्या फडात त्याची कमतरता नसतेच, घरी बसणाऱ्यांसाठी सांगितले.

काढलेला अवयव टाकून देत नाहीत, निदान टाकू नये. त्याचे तुकडे पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळेत जातात, केसापेक्षा पातळ काप काढून, रंगवून, सूक्ष्मदर्शकाखाली त्याच ऊती पाहिल्या जातात ज्यांची नावे नववीत पाठ करतात. आठ-दहा दिवसांत अहवाल येतो. 'क्रॉनिक सर्व्हिसायटिस' असे त्यावर लिहिलेले पुष्कळदा दिसते, म्हणजे पिशवीच्या तोंडाची जुनी सूज. बाळंतपणे झालेल्या बहुतेक बायकांत ती सापडते आणि ती कॅन्सर नव्हे. तो अहवाल रुग्णाचा आहे. टाके काढायला जाल तेव्हा तो मागून घ्या, झेरॉक्स काढा, आणि हंगामाला निघताना आधार कार्डाबरोबर त्याच प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा.